लहान लेथ घेणाऱ्यांनी आधी हात बसवावा, आणि आयटीआयनं रविवारी दार उघडावं

मा. संपादक,
स. न.

आपल्या पेपरात छंदांबद्दल बरंच येतं, बागकाम, फोटोग्राफी, ट्रेकिंग, पण लोखंड कातायचा छंद असलेली माणसं पण आपल्या सांगलीत आहेत आणि ती वाढतायत, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी बँकेत नोकरी करतो, राहायला विश्रामबागेत. दोन वर्षांपूर्वी घरच्या पार्किंगच्या कोपऱ्यात एक लहान लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं मशीन, बसवली, ती ऑनलाइन मिळते तसली सात बाय बारा इंची. आता ओळखीतले तीन-चार जण विचारायला लागलेत की कुठली घेऊ, कितीला पडते. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठली घेऊ हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न कुणाच्या हाताखाली शिकू हा आहे.

माझं काय झालं ते सांगतो. मशीन आली, साधारण चाळीस किलोची, दोघांनी उचलून टेबलावर ठेवली. व्हिडिओ बघून बघून सगळं येतं असं वाटत होतं. ग्रीस पुसलं, चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, पंचवीस एमएमचा एमएसचा (साध्या पोलादाचा) गोल बार धरला, मशीनसोबत आलेलं कार्बाइड या फार कठीण पदार्थाचं कातायचं टूल लावलं आणि कट घेतला, तर मशीन अशी थरथरायला लागली की टेबलावरचा चहाचा कप सरकला. जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, माशाच्या खवल्यासारखे वळ. स्पीड वाढवला, कमी केला, मोटर बंद पडली, परत चालू केली, दोन महिने हेच. मशीनच खराब आली असं मी धरून चाललो होतो, विकायची जाहिरात पण लिहून ठेवली होती.

मग आमच्या मागच्या गल्लीत एक काका आहेत, कुपवाड एमआयडीसीत पस्तीस वर्षं टर्नर म्हणून लेथवर काम करून रिटायर झालेले, त्यांना बोलावलं. काकांनी मशीन चालू पण केली नाही. खिशातनं सहा इंची स्टीलची पट्टी काढली, जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये उभी धरली आणि क्रॉस स्लाईड, म्हणजे टूल आडवं पुढं-मागं नेणारा भाग, पुढं घेऊन पट्टी हलकीशी दाबली. पट्टीचं वरचं टोक माझ्याकडं झुकलं. काका म्हणाले, "बघ, टूल सेंटरच्या, जॉबच्या मध्याच्या, खाली आहे. पट्टी सरळ उभी राहिली पाहिजे. पलीकडं झुकली तर टूल वर." जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे तुकडे टूलखाली पॅकिंग म्हणून घातले, परत पट्टी लावून बघितली, आता उभी. मग म्हणाले, "आता फेसिंग मार, टोक सपाट कर." मारलं, तर बारचं टोक आरशासारखं नाही पण सपाट आलं, आणि मधली खुंटी गेली. तोपर्यंत प्रत्येक फेसिंगनंतर मध्ये बारीक खुंटी उभी राहायची आणि ती मी कानशीनं घासून काढत होतो, ती खुंटीच तर सांगत होती की टूल खाली आहे, मला ती वाचता येत नव्हती. आणि टूल वर असेल तर धार कापायच्या ऐवजी टूलचं पोटच जॉबवर घासत राहतं, कितीही दाब दिला तरी कट बसत नाही.

त्यानंतर त्यांनी जिब पट्ट्या, म्हणजे स्लाईडची ढिलाई काढणाऱ्या पट्ट्या, बघितल्या, तर क्रॉस स्लाईड हातानं हलत होती. स्क्रू एकेक करून आवळले, फार घट्ट नाही, हँडल फिरताना जरासं जड लागेल एवढेच. तिच्यावरच्या कंपाउंड स्लाईडचं पण तसंच. मशीन टेबलाला बोल्टनं घट्ट बसवायला लावली, कारण माझं टेबल प्लायचं होतं आणि तेच निम्मं थरथरत होतं. पेटीतली टूलं बाजूला ठेवून एचएसएसचा, म्हणजे हाय स्पीड स्टीलचा, चौकोनी तुकडा ग्राइंडरवर घासून टूल म्हणून दिला. लहान मशीनला ताकद कमी असते, तिला तीक्ष्ण धार लागते, आणि टोकाला कार्बाइडचा तुकडा ब्रेझिंगनं जोडलेली ती स्वस्त टूलं बहुतेक वेळा बोथटच येतात हे मला नंतर कळलं.

स्पीडचा हिशोब त्यांनी तोंडी शिकवला आणि तो मी भिंतीवर लिहून ठेवलाय. एमएसला एचएसएस टूल असेल तर मिनिटाला साधारण २५ मीटर कटिंग स्पीड धरायचा, त्याला ३२० नं गुणायचं आणि जॉबच्या एमएममधल्या व्यासानं भागायचं. २५ एमएमच्या बारला ३२० आरपीएम झाले. मी हजारावर चालवत होतो, म्हणून चिप्स, म्हणजे कातताना निघणारा कीस, निळ्या पडत होत्या आणि धार जळत होती. पितळ, अ‍ॅल्युमिनियम याच्या दुपटीनं सहज चालतं. अजून एक, अर्धा एमएम कट दिला की व्यास एक एमएमनं कमी होतो, काही मशीनच्या डायलवर कट मोजलेला असतो आणि काहींवर व्यास, पहिल्या दिवशी हे व्हर्नियरनं मोजून तपासून घ्या नाहीतर पहिले चार जॉब भंगारात जातात, माझे गेले.

सात बाय बारा म्हणजे काय हे पण विकणारे नीट सांगत नाहीत. सात इंच म्हणजे बेडवर, खालच्या रुळावर, १८० एमएम व्यासाचा जॉब फिरतो खरा, पण क्रॉस स्लाईडच्या वर जागा ११०च्या आसपासच उरते. आणि बारा इंच ही लांबी, त्यातनं चक, टेलस्टॉकचा (समोरच्या आधाराचा) ड्रिल चक आणि ड्रिल यांची लांबी वजा करा, निम्मी जागा संपते. म्हणून मशीनच्या किमतीच्या निम्मे पैसे तरी टूल, व्हर्नियर, डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं मापक) आणि ग्राइंडरसाठी बाजूला ठेवा. गॉगल तर पहिल्या दिवशीच.

काही जण जुनी मोठी लेथ घ्यायला बघतात, राजकोट किंवा बटाल्याची, साडेचार फुटी. ती दणकट असते, थरथरत नाही, परवडली आणि जागा असली तर घ्या. पण सांगलीकरांना एक सांगायचंय, २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालच्या भागातली कितीतरी वर्कशॉप बुडाली, त्यातल्या काही मशिनी ताजा हिरवा रंग मारून अजून बाजारात फिरतायत. रंग बघू नका. चकजवळच्या बेडवर हात फिरवा, तिथं खड्डा लागतो का बघा, एप्रन, म्हणजे बेडवर सरकणाऱ्या भागापुढची पेटी, उघडून गाळ बघा, स्पिंडलला, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्याला, पाइप लावून वर उचलून डायल गेजचा काटा किती हलतो ते बघा. माझ्या तासगावच्या आतेभावानं नुसता रंग बघून घेतली, आणि सहा महिन्यांनी हेडस्टॉकमधली, स्पिंडल धरणारी बेअरिंग बदलायला लागली.

आणि हातमोजे. थंडी असो, चिप्स टोचोत, लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, फुल बाह्या नाहीत, अंगठी नाही, गळ्यात काही लोंबतं नको. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही, एका क्षणासाठी पण नाही. काकांच्या उजव्या हाताच्या करंगळीचं पेर नाहीये, ते सुती हातमोज्यानं ओढून नेलं. माझ्या मुलाला त्यांनी पहिल्या दिवशी तो हात दाखवला, नंतर मशीन दाखवली.

आज मी त्याच मशीनवर आतेभावाच्या द्राक्षबागेतल्या फवारणी पंपाचे पितळी बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, करतो, मापाला बसतात. हे मी एकट्यानं कधीच शिकलो नसतो.

आता मागणी. ज्या जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि जिथल्या लोखंडी नांगरांनी नाव काढलं, तिथं आज टर्निंग, म्हणजे लेथवरचं काम, शिकायचं तर एक तर आयटीआयला दोन वर्षं द्या, नाहीतर मोबाईल बघा, मधला रस्ता मला तरी सापडला नाही. सांगली आणि मिरजेच्या वर्कशॉपमध्ये लेथ रविवारी झाकून ठेवलेल्या असतात. शासनानं आयटीआयना परवानगी द्यावी, की महिन्यातले दोन रविवार फी घेऊन नोकरदार माणसांना, शेतकऱ्यांना, बायकांना पण, टूलची उंची, धार लावणं, फेसिंग, टर्निंग आणि सुरक्षितता एवढंच शिकवावं. शिकवायला रिटायर टर्नर आहेत, कुपवाडात गल्लोगल्ली आहेत. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनी आल्यापासून त्यांचा हात कुणी विचारत नाही. आमचे काका बाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना विचारूनच हे लिहितोय, ते म्हणाले रिक्षाभाडं पण नको, फक्त ग्राइंडर चांगला ठेवा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली