कोणी काय वाजवलं हे विचारू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत दोन लांबच्या कलाकारांनी एकमेकांना फाईली पाठवून केलेल्या इलेक्ट्रॉनिक अल्बमवर लिहून आलं होतं. असल्या संगीताला निदान पाव पान तरी मिळालं म्हणून आधी बरंच वाटलं, पण त्यातली दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. एक म्हणजे दोघं एका खोलीत बसलेच नाहीत तर त्याला एकत्र वाजवणं कसं म्हणायचं, आणि दुसरं, यात कोणी काय वाजवलंय तेच कळत नाही, आणि हे तक्रारीच्या सुरात. मी स्वतः लांबच्या एका कलाकाराबरोबर असा एक अल्बम केलाय, दीड वर्ष लागलं, ऐकणारे मोजून दीडशे असतील आणि त्यातले निम्मे ओळखीचे, तेव्हा मोठ्या अधिकाराने बोलतेय असं समजू नका. पण कळत नाही ही तक्रार कशी असू शकते तेच मला कळेना.

आधी खोलीचं बघू. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मीटर लांब बसलेल्या माणसाचं वाजवणं तुम्हाला साधारण ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, आणि २५-३० च्या पुढे गेलं की लय ढिली पडायला लागते कारण दोघंही नकळत एकमेकांसाठी थांबतात. आता इंटरनेटचं घ्या. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला २०० किलोमीटर जातो, म्हणजे पाच हजार किलोमीटरला २५ मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच गेले, वर साऊंड कार्डाचा वेळ, राऊटरचा वेळ, आणि परतीचा प्रवास वेगळाच. कनेक्शन कितीही भारी घ्या, सम गाठायची तरी कशी? २००५ मध्ये निन्जॅम नावाचा प्रोग्रॅम आला, त्याने तर हा उशीर कमी करायचा नादच सोडला आणि उलट तो पूर्ण आवर्तनाएवढा लांबवला, म्हणजे तुम्ही आत्ता वाजवताय ते समोरच्याच्या मागच्या आवर्तनावर, आणि त्याला ऐकू येतंय ते तुमचं मागचं. दोघं दोन वेगवेगळी गाणी ऐकतायत आणि तरी जमतं. मला हे जाम आवडतं.

आम्ही तेही केलं नाही. आमचं नुसतं फाईल पाठवणं, आणि ते काही आत्ताचं खूळ नाही. द पोस्टल सर्व्हिस नावाच्या अमेरिकन जोडीने २००३ चा अल्बम सिअ‍ॅटल आणि लॉस एंजलिसमध्ये डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओच्या टेपा पोस्टाने पाठवून केला, नावही त्यावरूनच घेतलं, मग तिथल्या पोस्ट खात्याने नावावर हरकत घेतली आणि शेवटी तडजोड झाली. ते तसं पॉप आहे, पण रीत तीच. आमच्या बाजूला जास्त जवळचे म्हणजे जपानचे र्‍यूइची साकामोतो आणि जर्मनीचा कार्स्टन निकोलाई, जो आल्व्हा नोटो या नावाने वाजवतो. साकामोतोंनी पियानो रेकॉर्ड करून पाठवायचा, निकोलाईने त्याचे तुकडे करून मध्ये बारीक क्लिक आणि साईन वेव्ह, म्हणजे एकदम शुद्ध सपाट सूर, पेरायचे, असं करत २००२ चा व्रिऊन हा अल्बम झाला आणि २०११ पर्यंत असे पाच अल्बम झाले. नंतर हेच दोघं २०१६ मध्ये एका काचेच्या घरात समोरासमोर वाजवायला बसले, त्याचा ग्लास हा अल्बम २०१८ मध्ये आला, आणि तो ऐकताना मला सारखं वाटतं की एवढी वर्षं फाईली पाठवून पाठवूनच त्यांना एकमेकांचा कान कळला असणार. हा माझा अंदाज झाला, पुरावा मागू नका.

व्रिऊनमध्ये निदान पियानो कुणाचा आणि क्लिक कुणाची एवढं तरी सांगता येतं. आमच्यात तेही नाही. मी एका जुन्या सिंथेसायझरचे आणि घरातले आवाज पाठवायचे, माझा जोडीदार कलाकार ते ग्रॅन्युलरमध्ये घालायचा, म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे कण करून ते परत मांडायचे, ताणायचे, उलटे करायचे, मग ते माझ्याकडे आलं की मी त्यावर टेपचा लूप, म्हणजे तोच तो फिरत राहणारा तुकडा, लावून पुन्हा पाठवायचे. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या की मूळ आवाज कुणाचा होता हे आम्हालाच सांगता यायचं नाही. चौथ्या ट्रॅकमध्ये खालून जी घरघर येते ती माझ्या पंख्याची आहे असं मी सहा महिने समजत होते, नंतर कळलं ती त्याच्या फ्रीजची. मी रेकॉर्ड केलेला पंखा त्याने दुसऱ्याच दिवशी काढून टाकला होता!

आमचा नियम एकच होता, समोरच्याचं काहीही न विचारता पुसायचं, पण पुसलेलं परत आणायचं नाही. ऐकायला सोपं आहे. सातव्या ट्रॅकवर मी नऊ मिनिटांचं काहीतरी पाठवलं, त्यात एक चाल होती जी मला दीड वर्षातली सगळ्यात बरी सुचलेली गोष्ट वाटत होती, आणि अकरा दिवस काही उत्तर नाही, मग आली अडीच मिनिटांची फाईल आणि त्यात चाल नाहीच, चालीनंतर उरलेला रिव्हर्ब, म्हणजे नुसता घुमारा, फक्त. मी दोन दिवस मेसेजला उत्तर दिलं नाही. समोर बसलेला असता ना तर एवढी कापाकापी त्याच्याने झालीच नसती, भिडेखातर अर्धी तरी ठेवली असती, आणि मीही काय काय म्हटलं असतं. लांब असल्यामुळे त्याने ते अकरा दिवस एकट्याने ऐकलं आणि मीही त्याचं एकटीने ऐकलं. ट्रॅक चांगला झालाय हे मान्य. चाल राहायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

लोक म्हणतात यात चुकांमधून जादू होते वगैरे. एकदा झाली, खरंय. त्याने ४८ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेतलेली, फाईल पाठवली, माझ्याकडे सेटिंग ४४.१ चं होतं आणि सॉफ्टवेअरने ती न बदलता तशीच वाजवली, त्यामुळे दहा मिनिटांचा ट्रॅक १० मिनिटं ५३ सेकंदांचा झाला आणि सूर हार्मोनियमच्या साधारण दीड पट्टीने खाली गेला. मला वाटलं काय सुंदर जड केलंय याने, मी त्यावर तीन आठवडे काम केलं आणि मग उलगडा झाला. तो तसाच ठेवला. पण बाकीच्या चुका नुसत्या चुकाच होत्या हो, क्लिपिंग झालेल्या, म्हणजे आवाज जास्त होऊन फाटलेल्या फाईली, ट्रॅकच्या सुरुवातीपासून एक्सपोर्ट न केल्यामुळे कुठे बसवायचे ते न कळणारे स्टेम, म्हणजे एकेका आवाजाच्या सुट्या फाईली, माझ्या खोलीत कमी वाटणारा आणि त्याच्या खोलीत भिंत हादरवणारा बेस. शेवटी दोघांनी एकाच मॉडेलचे हेडफोन घेतले तेव्हा कुठे बेसवरून भांडणं थांबली. आणि २४ बिटमध्ये स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १७ एमबी, असे वीस स्टेम, दहा मिनिटं, साडेतीन जीबी झाले की, ते रात्रभर अपलोड लावायचं आणि सकाळी बघायचं तर ९४ टक्क्यांवर अडकलेलं. यात कसली आलीय जादू.

तर माझी विनंती एवढीच आहे की अशा अल्बमवर लिहिताना एकाला मुख्य कलाकार आणि दुसऱ्याला 'इलेक्ट्रॉनिक्सची साथ' असं छापू नका, तुमच्या लेखात तसंच छापलंय आणि ज्याने सगळा आवाज घडवला तो माणूस तबल्याच्या जागी जाऊन बसलाय. दोन्ही नावं सारख्या टाईपात, बस्स.

कोणतं नाव आधी हा प्रश्न मात्र येणारच, आमच्याकडेही आला. दोन आठवडे चर्चा झाली, मग ठरलं की नाणं उडवायचं, व्हिडिओ कॉलवर, नाणं त्याच्याकडे. मी काटा सांगितला. नाणं हवेत असतानाच व्हिडिओ अडकला, चांगला सात-आठ सेकंद, आणि परत सुरू झाला तेव्हा तो हात उघडून बसला होता आणि म्हणाला छापा. अल्बमवर त्याचं नाव आधी आहे.

आपली,
एक वाचक