तक्रार पत्र: गच्चीवरील टाकीवर न चालणारी खताची व्हेंचुरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घरगुती ठिबक संचातील व्हेंचुरी खत ओढत नसल्याबाबत आणि माहितीपत्रकातील चुकीच्या सूचनेबाबत.

महोदय,

विश्रामबाग, सांगली येथील माझ्या घराच्या बागेसाठी मी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून ठिबक संच घेतला, तो मुख्यतः त्यासोबतच्या व्हेंचुरीसाठी, म्हणजे वाहत्या पाण्याच्या जोरावर खताचे द्रावण नळीत ओढून घेणाऱ्या जोडणीसाठी. गुलाब, मोगरा, लिंबू यांना विद्राव्य खत वाकून हाताने घालणे आता वयोमानाप्रमाणे जमत नाही, आणि आपल्या माहितीपत्रकात "गच्चीवरील टाकीवर, विनापंप खत द्या" असे ठळक अक्षरांत छापले आहे. प्रत्यक्षात ही व्हेंचुरी बसवल्यापासून खत ओढतच नाही. शोषण नळी बादलीत सोडून व्हॉल्व्ह उघडला की द्रावण कमी होण्याऐवजी टाकीचेच पाणी नळीतून उलटे येते आणि थोड्या वेळात बादली भरून वाहू लागते.

तक्रारीनंतर आलेल्या आपल्या तंत्रज्ञांनी मुख्य नळीवरील व्हॉल्व्ह आवळत नेला, तेव्हा शोषण नळीत द्रावण जेमतेम चढले. परंतु त्याच वेळी कुंपणालगतच्या शेवटच्या लॅटरलवरील (उपनळीवरील) ड्रीपर, म्हणजे ठिबकच्या तोट्या, थेंबही टाकेनासे झाले. "खतामुळे ड्रीपर चोकअप, ॲसिड सोडावे" असा शेरा सेवा अहवालात लिहून ते निघून गेले. जे खत नळ्यांत गेलेलेच नाही, त्याने ड्रीपर कसे बुजले, याचा खुलासा अहवालात नाही.

माझ्या मते दोष दाबाचा आहे. सुमारे 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर भरतो. माझी टाकी बागेपासून पाच मीटरही उंच नाही, आणि फिल्टरनंतर लावलेल्या गेजवर दाब 0.4 च्या आसपास दिसतो. 1 किलो दाबाला ताशी 4 लिटर पाणी देणाऱ्या ड्रीपरखाली मापाचे भांडे ठेवल्यास सहा मिनिटांत 400 मिलिलिटर पाणी जमायला हवे, ते 250 च्या आसपास जमते, 0.4 दाबाला एवढेच पाणी मिळणार, त्यात ड्रीपरचा दोष नाही. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यात शोषण निर्माण व्हायचे, तर तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात पुरेसा फरक पडावा लागतो, आणि तेवढा दाब तिथेच खर्ची पडला की पुढच्या झाडांसाठी काही उरत नाही. तासगावकडच्या द्राक्षबागांत व्हेंचुरी चालते, कारण तिच्या मागे मोटारीचा दाब असतो. याच जिल्ह्यात ठिबक विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावे, हे पटत नाही.

आणखी एक गंभीर बाब अशी की, त्याच माहितीपत्रकात कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 (फॉस्फेटयुक्त विद्राव्य खत) एकाच बादलीत विरघळवण्याची सूचना आहे. मी ती दोन्ही खते काचेच्या ग्लासात एकत्र करून पाहिली, तर पाणी नासलेल्या दुधासारखे होऊन तळाशी पांढरा साका बसला. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा क्षार तयार होतो, म्हणून ही खते वेगवेगळ्या वेळी सोडतात. व्हेंचुरी चालली नाही हे एका परीने बरेच झाले, असे म्हणण्याची पाळी आपण ग्राहकावर आणली आहे. ती चालली असती, तर ड्रीपर खरोखरच चोकअप झाले असते.

तरी आपण स्वखर्चाने या संचाला योग्य क्षमतेचा लहान प्रेशर पंप बसवून व्हेंचुरी शेवटच्या ड्रीपरपर्यंत चालवून दाखवावी, अथवा व्हेंचुरी व तिची जोडणी परत घेऊन त्यांची पूर्ण रक्कम द्यावी, आणि दोन्हींपैकी काहीही केले तरी सेवा अहवालातील शेरा लेखी रद्द करावा. माहितीपत्रकातील "विनापंप" हा दावा आणि खते मिसळण्याची सूचनाही मागे घ्यावी. बिल, सेवा अहवाल आणि माहितीपत्रकाच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणे मला भाग पडेल.

कळावे.

आपला विश्वासू,
(सही)
विश्रामबाग, सांगली