नुसत्या प्लेटलेट्स बघून भागत नाही

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

डेंगीची साथ आली की तुमच्याच काय, सगळ्याच पेपरात बातमी एकच, प्लेटलेट्स किती हजारावर आल्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रिपोर्ट न्यायला आलेला माणूस कागद उघडायच्या आधीच विचारतो, "पेशी किती?" त्याच कागदावर पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते) छापलेलं असतं, तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

डेंगीचा पेशंट अचानक ढासळतो तो बहुतेक वेळा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपायला लागल्यामुळे. पातळ भाग बाहेर गेला की उरलेलं रक्त घट्ट होतं, समजा तापाच्या दुसऱ्या दिवशी हिमॅटोक्रिट ३८ होतं आणि पाचव्या दिवशी ४६, म्हणजे आधीच्या आकड्याच्या तुलनेत वाढ २० टक्क्यांच्या वर गेली, अशा वेळी प्लेटलेट्स अजून ९० हजार आहेत ना मग काय एवढं, असं म्हणून चालत नाही. आणि हे होतं ताप उतरताना, घरचे हुश्श करतात नेमकं तेव्हा! उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या गाइडलाइनमध्ये प्लेटलेट्स ५० हजारांच्या खाली असल्या तरी रक्तस्राव होत नसेल तर त्या चढवू नका असंच सुचवलंय, पण नातेवाइकांची धावपळ काही थांबत नाही.

आता "एका टेस्टमध्ये डेंगी किती गंभीर होणार ते कळणार" अशा बातम्या येतात त्याबद्दल. २०२१ साली इलाइफ जर्नलमध्ये १० मार्करांचा (आजाराचा अंदाज देणाऱ्या रक्तातल्या घटकांचा) चांगला अभ्यास आला होता, तापाच्या पहिल्या तीन दिवसांतलं रक्त घेऊन इंटरल्यूकिन-८, सिंडेकॅन-१, फेरिटिन वगैरे तपासलं. सुटा एखादा मार्कर बघण्यापेक्षा सहा-सात एकत्र बघितले तर अंदाज जास्त बरा येतो, आणि मुलांसाठीचा संच वेगळा, मोठ्यांसाठीचा वेगळा निघाला. यातलं फेरिटिन साध्या लॅबमध्ये होतं, पण ते इतर कितीतरी आजारांत वाढतं त्यामुळे एकट्या त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. सिंडेकॅन रोजच्या मशीनवर होतच नाही.

म्हणून विनंती एवढीच, अशी बातमी छापताना रक्त तापाच्या कितव्या दिवशी घेतलं आणि पेशंट लहान होते की मोठे, एवढं तरी लिहा. आणि आकड्यांच्या शेजारी पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून पडणं ही धोक्याची लक्षणंही द्या, ती ओळखायला लॅब लागत नाही.

आपली,
एक लॅब टेक्निशियन