पदकाआधीची वर्षं : क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत टेनिसच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. आपल्या श्रीरामपूरची ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा पहिला सेट 2-6 असा हरले, दुसरा 6-3 असा घेतला आणि निर्णायक टायब्रेक 10-4 असा जिंकून सुवर्णपदक मिळवलं. त्यानंतर राज्य सरकारने आशियाई सुवर्णविजेत्यांच्या बक्षिसाची रक्कम वाढवून एक कोटी केली. हा निर्णय योग्यच होता. खेळाडूच्या कष्टांची सरकारदरबारी किंमत झाली, याचा आनंद माझ्यासारख्या प्रत्येक प्रशिक्षकाला झाला.

मी सोलापूर जिल्ह्यात मुलींना टेनिस शिकवते. आपल्याकडे एकच मागणं घेऊन आले आहे. टेनिसमध्ये मुलीचं करिअर घडतं किंवा मोडतं ते साधारण अठरा ते चोवीस या वयात. नेमक्या त्या वर्षांत राज्याचा पैसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तो तिथे पोहोचवा.

ऋतुजा पदक जिंकली तेव्हा 27 वर्षांची होती. अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून ती खेळली, परत आली आणि आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, छोट्या स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिली. पदकाच्या दिवशी सगळ्यांना ती दिसली. त्याआधीच्या फिरतीत तिच्यासारख्या कितीतरी मुली असतात. त्यातल्या बहुतेक जणी कधी थांबल्या, हे त्यांच्या क्लबबाहेर कुणाला कळतही नाही.

या फिरतीचा हिशोब आपल्यासमोर मांडते, कारण योजना आखणाऱ्यांना तो ठाऊक असल्याचं मला कधी जाणवलं नाही. महिला टेनिसची शिडी सगळ्यात खाली डब्ल्यू 15 पासून सुरू होते. डब्ल्यू 15 म्हणजे एकूण 15,000 डॉलर बक्षिसाची स्पर्धा. ही सगळी रक्कम एकेरी आणि दुहेरी मिळून वाटली जाते. एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे पात्रता फेरीनंतरच्या मूळ स्पर्धेत, पहिल्याच फेरीत हरलेल्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात आणि जागतिक क्रमवारीचा गुण मिळतो शून्य. त्यावर डब्ल्यू 35, डब्ल्यू 50, डब्ल्यू 75, डब्ल्यू 100. त्याच्याही वर डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, स्पर्धा आणि शेवटी ग्रँड स्लॅम. 2025 मध्ये विम्बल्डनच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही 66,000 पौंड मिळाले. पण तिथे थेट प्रवेश क्रमवारीतल्या साधारण पहिल्या शंभर-सव्वाशे खेळाडूंनाच मिळतो, आणि पात्रता फेरीसाठीसुद्धा अडीचशेच्या आत असावं लागतं. सातशेव्या क्रमांकावरच्या मुलीला तिथवर जायला चार-पाच वर्षं लागू शकतात. त्या काळात तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), फिजिओ, सगळं घरून.

त्यात एकदा मिळालेले गुणही कायमचे नसतात. 52 आठवडे झाले की ते गळून पडतात. गेल्या जानेवारीत जिंकलेले गुण या जानेवारीत पुन्हा जिंकावे लागतात, नाहीतर क्रमांक घसरतो. क्रमांक घसरला की मुख्य ड्रॉऐवजी पात्रता फेरी, म्हणजे दोन-तीन सामने जास्त आणि हॉटेलच्या दोन रात्री जास्त. मुलगी आजारी पडली, घोटा मुरगळला, बापाचं सोयाबीन पावसात गेलं, तरी 52 आठवडे कुणासाठी थांबत नाहीत.

वयाचाही एक पेच आहे. महिला टेनिसच्या नियमांनुसार अठरा पूर्ण होईपर्यंत मुलीला वर्षाला मोजक्याच व्यावसायिक स्पर्धा खेळता येतात. मुलींच्या तब्येतीसाठी तो नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे खरी धाव सुरू होते ती अठराव्या वर्षी, आणि ज्युनिअर म्हणून मिळणारी मदत नेमकी तेव्हाच आटते. त्याच सुमारास बारावी होते, कॉलेजची हजेरी मागे लागते, आणि घरी कुणीतरी विचारतं, अजून किती दिवस?

माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीची परदेशी निघतानाची बॅग मला आजही आठवते. तीन रॅकेट, स्ट्रिंगचं एक रीळ, दोरीउड्यांची दोरी, छोटी इलेक्ट्रिक किटली, आईने दिलेले डिंकाचे लाडू. वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने आखलेला तक्ता होता : कोणत्या आठवड्याचे गुण कधी गळणार आणि त्याआधी कुठे खेळायचं. खाली दोन आकडे लिहून एक खोडलेला. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, फिजिओ घेतला तर तिसरा आठवडा खेळता येत नाही." तिने तिसरा आठवडा निवडला. खांदा आधीच दुखत होता. पुढच्या वर्षी ती नोकरीला लागली. चांगली नोकरी आहे, ती सुखात आहे. पण तिचा बॅकहँड मी रोज पाहत होते, आणि तो खांदा वेळेवर दाखवला गेला असता तर ती पुढे गेली असती, असं मला आजही वाटतं.

मदत मागितली नव्हती का? मागितली होती. ज्या कार्यालयात गेलो तिथले लोक सौजन्याने बोलले, पण नियम त्यांच्या हातात नव्हते. अर्जात राष्ट्रीय किंवा शालेय स्पर्धेतल्या पदकाचा रकाना होता, जागतिक क्रमवारीचा नव्हता. व्यावसायिक स्पर्धांच्या तारखा सांभाळणारी मुलगी बऱ्याचदा शालेय स्पर्धेला जाऊच शकत नाही. दुसरी अडचण म्हणजे आधी खर्च करा, बिलं जोडा, मग परतावा. ज्या घरात खर्चायला पैसेच नाहीत, त्या घराला परताव्याचा काय उपयोग?

आमच्याच जिल्ह्याची प्रार्थना ठोंबरे बघा. बार्शीची मुलगी. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य मिळवलं, 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानियाबरोबरच खेळली. सरावासाठी मात्र तिला हैदराबादला, सानियाच्या अकादमीत जावं लागलं. आणि अंकिता रैना? ती मूळची अहमदाबादची, पण किशोरवयात पुण्याला आली आणि प्रशिक्षक हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. 2018 मध्ये आशियाई कांस्य, 2021 मध्ये डब्ल्यूटीए दुहेरीचं विजेतेपद, एकेरीत 160 व्या क्रमांकापर्यंत मजल. तिला गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेचा आधार मिळाला. म्हणजे शिकवणारे आपल्याकडे आहेत, कोर्ट आपल्याकडे आहेत, आणि खेळाडू उमेदीत असतानाच तिच्या पाठीशी उभं राहायचं शहाणपण शेजारच्या राज्याने दाखवलं. गुजरातचं यात मला कौतुकच आहे.

एप्रिल 2025 मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात बिली जीन किंग चषकाच्या, म्हणजे महिलांच्या सांघिक जागतिक टेनिस स्पर्धेच्या, आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. भारत दुसरा आला आणि प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. श्रीवल्ली भामिडिपाटी एकेरीचा एकही सामना हरली नाही. दुहेरीत आपली प्रार्थना होती. पण पुण्यात, आपल्याच प्रेक्षकांसमोर, एकेरी खेळायला उतरलेल्या भारतीय मुलींमध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. ज्या राज्याने 1934 मध्ये विम्बल्डनचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला दिली, मुंबईची लीला राव, त्या राज्याला हे शोभत नाही. 2025 च्याच जुलैमध्ये पुण्याच्या वैष्णवी आडकरने जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य जिंकलं. 1979 मध्ये नंदन बाळ यांनी रौप्य मिळवल्यानंतर या स्पर्धेत भारताला टेनिसचं पदक मिळायला इतकी वर्षं लागली. गुणवत्ता आहे, मंत्रिमहोदय. वैष्णवीच्या वयाच्या मुलींना पुढची चार वर्षं खेळत ठेवणं, हे काम आहे.

आता मागण्यांकडे येते.

ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल शेख ही नावं आमच्या मुलींच्या पालकांना तोंडपाठ आहेत. तिथे डब्ल्यू 15 स्पर्धा आठवड्यामागून आठवडा सलग भरतात. एकदा विमानाचं तिकीट काढलं की एकाच हॉटेलात राहून तीन-चार स्पर्धा खेळता येतात. म्हणून बार्शी-पंढरपूरकडची मुलगीसुद्धा पहिला गुण मिळवायला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाते. तिच्याबरोबर आईला जावं लागतं, कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीला महिनाभर परदेशी पाठवायला घरचे धजत नाहीत. खर्च तिथेच दुप्पट होतो.

अशी साखळी आपण महाराष्ट्रातच का बांधू नये? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं होत आली आहे. सोलापुरात गेल्या काही वर्षांत ती झाली, नागपुरातही झाल्या. मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) डब्ल्यूटीए 125 ची स्पर्धा होते. या सुट्या सुट्या स्पर्धा आयोजकांच्या आणि प्रायोजकांच्या जिवावर तगून आहेत. एखाद्या वर्षी प्रायोजक मिळाला नाही की स्पर्धा गेलीच. सरकारने हमी घेतली, तर हिवाळ्यात पाच-सहा आठवडे सलग डब्ल्यू 15 ते डब्ल्यू 50 स्पर्धा भरवता येतील. मुलगी एसटीने किंवा रेल्वेने जाईल, घरचं जेवेल. यजमान म्हणून मुख्य ड्रॉमधली काही वाइल्डकार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता देता येणारे थेट प्रवेश, आपल्या हातात असतात, तीही आपल्या मुलींना मिळतील.

घरच्या स्पर्धेने काय होतं, याची उदाहरणं समोर आहेत. सानियाने 2005 मध्ये कारकिर्दीतलं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद जिंकलं ते हैदराबादलाच, अठराव्या वर्षी. 2025 मध्ये मुंबईच्या स्पर्धेत कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. ती त्या वयात इतक्या तगड्या खेळाडूंसमोर उभी राहू शकली, कारण स्पर्धा भारतात होती.

पुरुषांची एटीपी 250 स्पर्धा 2018 मध्ये चेन्नईहून पुण्याला आली तेव्हा राज्य सरकार तिच्या पाठीशी उभं राहिलं होतं. 2023 नंतर ती हाँगकाँगला गेली. ती गेल्याचं वाईट वाटलं, पण तेवढी मोठी स्पर्धा परत आणण्याआधी खालच्या पायऱ्या पक्क्या कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. एका मोठ्या स्पर्धेच्या खर्चात छोट्या महिला स्पर्धांची मालिका उभी राहू शकते.

दुसरी मागणी सोबतीची. जागतिक क्रमवारीत असलेल्या राज्यातल्या मुलींपैकी चार-पाच जणींचा एक गट करा. त्यांच्याबरोबर सरकारी खर्चाने एक प्रवासी प्रशिक्षक आणि एक फिजिओ द्या, आणि प्रशिक्षक शक्यतो महिला असावी. आईवडिलांची धास्ती तिथेच निम्मी होईल, आणि मुली एकमेकींबरोबर सराव करतील. आज आमच्या मुली परदेशात सरावाला जोडीदार शोधत कोर्टाबाहेर बसतात.

तिसरी, निकषांची. राज्याच्या मिशन लक्ष्यवेध या क्रीडा योजनेत लॉन टेनिसचा समावेश आहे, याचा मला आनंद आहे. पण टेनिसच्या व्यावसायिक खेळाडूसाठी पदकाइतकीच, खरं तर जास्तच, जागतिक क्रमवारी धरा. रक्कम तिमाहीच्या सुरुवातीला आगाऊ द्या, हिशोब तिमाहीच्या शेवटी मागा. तो चोख मिळेल, कारण या मुली प्रत्येक रुपया तसाही वहीत लिहीत असतात. आणि दुखापत झाली म्हणून मदत थांबवू नका, तिला सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

या मदतीतून प्रत्येक मुलगी पहिल्या शंभरात जाईल, असं वचन मी देऊ शकत नाही, कोणताही प्रामाणिक प्रशिक्षक देणार नाही. पण आज कोण जाऊ शकली असती, हेही आपल्याला कळत नाही, कारण कसोटी खेळाची न होता घरच्या ऐपतीची होते.

आयटीएफच्या कॅलेंडरमध्ये हिवाळ्यातले आठवडे मिळवायचे तर अर्ज काही महिने आधी जावे लागतात. म्हणून स्पर्धांच्या हमीचा निर्णय तरी पावसाळी अधिवेशनाच्या आत व्हावा, आणि त्यासाठीच्या बैठकीला राज्य संघटनेबरोबर सध्या खेळत असलेल्या दोन-तीन मुलींनाही बोलवावं, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक टेनिस प्रशिक्षिका,
सोलापूर जिल्हा