कुंपणाबाहेरची छाती कोण तपासणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

खाणीच्या धुळीबद्दलची बातमी आपल्या अंकात वाचली. ‘धुळीचे प्रमाण मर्यादेत आहे’ हे तिच्यातले व्यवस्थापनाचे वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र. मी २६ वर्षे खाणीत डंपर चालवला आहे. धूळ कुठून उठते आणि कुठे जाऊन बसते, हे मी रोज पाहिले आहे.

लोकांना वाटते, धूळ म्हणजे सुरुंगाची. भोंगा वाजतो, ढग दिसतो, म्हणून सुरुंग लक्षात राहतो. पण बहुतेक उघड्या खाणींत सर्वांत जास्त धूळ उडते ती माल वाहून नेण्याच्या कच्च्या रस्त्यावर. शंभर टनांचा डंपर पाळीभर त्याच रस्त्याने ये-जा करतो, चाकांखाली दगड दळला जातो आणि त्याचे पीठ होते. पाण्याचा टँकर फिरला की ते बसते. कडक उन्हात तासाभरात रस्ता पुन्हा सुकतो. टँकर बंद आहे म्हणून वाहतूक थांबवली, असे माझ्या नोकरीत एकदाही घडले नाही. मीही कधी गाडी थांबवली नाही, आणि त्याचे मला आज वाईट वाटते.

शेवटची नऊ वर्षे माझी केबिन काचबंद आणि वातानुकूलित होती. ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे निघायचा, नळीत जोराने फुंकायची स्पायरोमेट्री चाचणी व्हायची. निवृत्त होताना माझी छाती ठीक निघाली. पत्नीने खाणीत कधी पाऊल टाकले नाही, पण आज ती जिना चढताना पाच-सहा पायऱ्यांवर थांबते. तिने आयुष्यभर खाणीपासून दीड किलोमीटरवर संसार केला आणि माझे कामाचे कपडे रोज दाराबाहेर झटकून धुतले. वर्षानुवर्षे तिला खोकल्याचे औषध मिळत राहिले. नळीत फुंकायला पहिल्यांदा सांगितले तेव्हा ती ५८ वर्षांची होती. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्याचे धरतात. तिचा आकडा ५४ आला. तिने कधी सिगारेट ओढलेली नाही. डॉक्टर म्हणाले, एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही. ते मला पटते. पण वस्तीत कुणाचीच तपासणी होत नसेल, तर सिद्ध होणार तरी कशावरून?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील लिबी गावाबद्दल मी अलीकडे वाचले. तिथल्या खाणीच्या खनिजात ॲस्बेस्टॉस मिसळलेले होते. कामगारांच्या कपड्यांवरून ते घरोघर गेले आणि खाण न पाहिलेल्या बायका-मुलांचीही फुप्फुसे आजारी पडली. खाण १९९० मध्ये बंद झाली. सरकारने तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली ती २००९ मध्ये. आमच्या दगडात ॲस्बेस्टॉस नाही, सिलिका (वाळूत असते ते स्फटिकी खनिज) आहे. श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरवले. शिवाय कपड्यांवर दिसते ती जाड धूळ. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

आता ‘मर्यादे’कडे येतो. कामाच्या जागेची मर्यादा आठ तासांच्या पाळीवर बेतलेली असते, तीही धडधाकट प्रौढ माणूस धरून. वस्तीतले तान्हे मूल चोवीस तास तीच हवा घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतच्या) कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतच्या) कणांची १५ मायक्रोग्रॅम असावी असे सुचवले. व्यवस्थापन कोणती मर्यादा सांगते आणि धूळ मोजायचे यंत्र कुठे ठेवून, हे बातमीत नाही. माझ्या वेळी ते कार्यालयाजवळ डांबरी रस्त्याच्या कडेला होते. वस्ती दुसऱ्या अंगाला, वाऱ्याच्या वाटेवर. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही आणि रात्रपाळीची सगळी धूळ घरांवर तरंगत राहते. दिवसभराच्या सरासरीत ते पहाटेचे तास विरघळून जातात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, कामगाराची छाती जशी ठरावीक काळाने तपासतात, तशीच वस्तीतल्या प्रत्येकाची तपासावी. मुलांपासून सुरुवात करावी आणि खर्च खाणीने करावा. धूळ मोजायचे यंत्र वस्तीत बसवून त्याचे तासातासाचे आकडे फलकावर लावावेत.

मी घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारे छोटे उपकरण, आणले आहे. रोज सकाळी सहा वाजता पत्नी त्यात तीनदा फुंकते, त्यातला मोठा आकडा मी तारखेसह वहीत लिहितो. चौदा महिने झाले. खाणीने आपले तासातासाचे आकडे दिले, तर ही वही मी त्यांच्या शेजारी ठेवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त डंपरचालक