झाडावर चढणाऱ्या सदस्यांनी आधी हे वाचा

पतंगाच्या मांज्यात अडकलेले पक्षी सोडवायला रंकाळ्याकाठी किंवा कुठेही चढताना शिडी सोपी वाटते, पण खाली धरणारा हवा आणि टोक खोडाला बांधलेलं हवं. पायात दोराचा फास घालून नारळावर चढता येतं. फांद्यांच्या झाडावर त्याचा उपयोग नाही. दोर-हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे आणि त्यांना जोडलेला दोर) वेळ लागतो, तरी माझ्या मते तोच खरा. कमरेचा दोर जमिनीवरूनच खोडाभोवती घ्या, ढिला सोडू नका. फांदी ओलांडताना दुसरा दोर आधी अडकवा, मगच पहिला काढा. गुलमोहर, शेवग्याच्या फांद्यांवर भिस्त ठेवू नका. वीजतार जवळ असेल तर महावितरणला कळवा, चढू नका. आणि एकटं कधीच नको: हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेला माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, त्याला खाली उतरवणारा सोबत हवाच.