दर्शनी पानावर कोणते पॉडकास्ट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॉडकास्ट शोधून देणारे नवे अ‍ॅप तयार करणाऱ्या काही तरुणांनी, मराठीच्या दर्शनी पानावर कोणते कार्यक्रम ठेवावेत, असे मला अलीकडे विचारले. माझी नोकरी आकाशवाणीत कार्यक्रम आखण्यात गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला असावा. सोबतच्या यादीत सर्वाधिक ऐकले जाणारे २० कार्यक्रम होते. जे कार्यक्रम श्रोत्याला यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर न शोधताच दिसतात, तेच पुन्हा मांडायचे असतील, तर शोधून देणारे वेगळे अ‍ॅप कशाला हवे, हे मला त्या यादीवरून कळेना.

अ‍ॅप सुरू होते त्या दिवशी श्रोत्यांच्या आवडीनिवडीची नोंद त्याच्याकडे नसते, त्यामुळे पहिली निवड कोणीतरी कार्यक्रम ऐकूनच करावी लागते. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स या आपल्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉडकास्टना जागा दिली, तेव्हा तेथे ३,००० हून अधिक कार्यक्रम होते आणि पहिल्या दोन दिवसांतच श्रोत्यांनी १० लाखांवर नोंदण्या केल्या. अशा पहिल्या गर्दीत जो समोर दिसतो त्याला श्रोते मिळतात, श्रोते मिळाल्याने तो क्रमवारीत चढतो आणि चढल्यामुळे पुन्हा तोच दिसत राहतो.

माझा मुख्य आक्षेप मात्र ‘मराठी’ किंवा, त्याहून वाईट, ‘प्रादेशिक’ नावाच्या एकाच कप्प्याला आहे. ज्ञानेश्वरीचे निरूपण, शेअर बाजार, सोयाबीनवरील रोग आणि मुलांच्या गोष्टी या कप्प्यात शेजारी शेजारी कोंबल्या जातात. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या भाषेत इंग्रजीइतकेच विषय असतात, आणि पानाची विभागणीही त्या विषयांनुसारच व्हायला हवी. बोलींच्या बाबतीत तर आणखी एक खोड दिसते: कोणी वऱ्हाडीत किंवा मालवणीत बोलू लागला की त्याची रवानगी विनोदी विभागात होते, मग तो कपाशीच्या भावाबद्दल का बोलत असेना.

निवड यंत्रावर सोपवली, तर आणखी एक घोटाळा संभवतो. पॉडकास्टच्या फीडमध्ये, म्हणजे कार्यक्रमाची माहिती अ‍ॅपपर्यंत पोहोचवणाऱ्या फाइलमध्ये, सहसा भाषेची खूण असते. निर्मात्याने ती न बदलता इंग्रजीच राहू दिली आणि शीर्षकही रोमन लिपीत लिहिले, तर अस्सल मराठी कार्यक्रम मराठीच्या शोधात सापडतच नाही. असे कार्यक्रम हुडकून काढणे हे अ‍ॅपवाल्यांचे पहिले काम असावे.

शिवाय दर्शनी पानावर अख्खी मालिका न ठेवता तिचा एकच भाग ठेवावा. १०० भागांची रास पाहिली की नवा श्रोता मागे फिरतो. त्याऐवजी आधीचे काही न ऐकता समजेल आणि एसटीच्या खडखडाटात साध्या इअरफोनवरही स्पष्ट ऐकू येईल, असा भाग निवडावा. पूर्ण झालेली मालिका दाखवायला हरकत नाही, पण चार भागांनंतर निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेली मालिका पहिल्याच दिवशी श्रोत्याच्या माथी मारू नये. पैसे घेऊन दिलेल्या जागेवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट छापलेले असावे, हे वृत्तपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

त्या तरुणांनी आता १२ भाग निवडले असून प्रत्येकाखाली, तो का निवडला, हे दोन ओळींत लिहिले आहे. त्यांतले चार मला अजूनही पसंत नाहीत. परंतु ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून निवडले असल्यामुळे मी हरकत घेतली नाही.

आपला,
एक निवृत्त कार्यक्रम अधिकारी, सांगली